ओटा पुसला की दात घासायचे

प्रश्न थोडक्यात असा आहे: "वय ४१. घोडबंदर रोडला राहते, नोकरी फोर्टला. पहाटे उठून डबे, मग बस, मग ठाण्याहून लोकल. दात सकाळी एकदाच घासते, रात्री डोळे मिटत असतात. पाच-सहा महिने झाले, ब्रश करताना खालच्या पुढच्या दातांपाशी रक्त येतं, म्हणून तिथे ब्रश फिरवणं टाळते. सासूबाई म्हणतात ब्रश सोड, मीठ चोळ. त्या स्वतः मिश्री लावतात. सात वर्षांच्या मुलीच्या मागच्या दाढेवर काळा ठिपका दिसतो, पण तो दुधाचाच दात असेल ना? रात्री घासायची सवय दोनदा लावून बघितली, आठवड्यात सुटली. सुरुवात कुठून करू?"

ताई, तुमच्या प्रश्नातलं एकच वाक्य मी आधी घेते. "रक्त येतं म्हणून तिथे ब्रश टाळते." ठाण्याच्या नौपाड्यात गेली बावीस वर्षं मी हिरड्यांचेच आजार बघते आणि हे वाक्य जवळजवळ रोज ऐकते. कापलेल्या बोटाला आपण धक्का लागू देत नाही, तसंच हिरडीचंही वाटतं, त्यात तुमची चूक नाही. पण जिथे रक्त येतं तिथे आजपासून जास्त लक्ष देऊन घासायचं आहे. मऊ ब्रशने, हलक्या हाताने, पण नक्की घासायचं.

कारण सांगते. दात घासून झाल्यावर काही तासांतच त्यांच्यावर जिवाणूंचा चिकट थर बसायला लागतो. आम्ही त्याला प्लाक म्हणतो. सकाळी उठल्यावर दातांवरून जीभ फिरवली की जे बुळबुळीत लागतं, ते हेच. हा थर हिरडीच्या कडेला तसाच राहिला की शरीर त्याच्याशी झुंजायला तिथला रक्तपुरवठा वाढवतं. हिरडी लालसर होते, फुगते, दाताला लागून असलेलं तिचं आतलं अस्तर इतकं नाजूक होतं की ब्रशचा केस लागला तरी रक्त येतं. ते बघून तुम्ही तिथे घासणं सोडता, थर आणखी साचतो, सूज आणखी वाढते. तुमचे पाच-सहा महिने याच फेऱ्यात गेले आहेत.

यातली दिलासा देणारी बाजू बरीच जुनी माहिती आहे. १९६५ साली डेन्मार्कमधल्या ऑरहूस इथे हॅराल्ड लोए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या बारा जणांना दात घासणं पूर्ण बंद करायला सांगितलं. त्यात बहुतेक दंतवैद्यकाचे विद्यार्थीच होते. दहा ते एकवीस दिवसांत बाराही जणांच्या हिरड्या सुजल्या. मग पुन्हा नीट घासायला लावलं, तर साधारण आठवडाभरात त्या पूर्ववत झाल्या. औषध नाही, इंजेक्शन नाही, फक्त थर निघत राहिला. म्हणून मी पेशंटला सांगते की पहिले चार दिवस रक्त येईल, कदाचित थोडं जास्तच येईल, घाबरू नका. सहाव्या-सातव्या दिवशी बेसिनमधला लाल रंग फिका व्हायला लागतो. तो दिवस बघितला की माणसाला पुढे फारसं काही सांगावं लागत नाही.

पण तुमच्या बाबतीत एक अडचण आहे. रक्त खालच्या पुढच्या दातांपाशी येतं म्हणालात. तिथेच, जिभेखाली, लाळेच्या ग्रंथींची तोंडं उघडतात. लाळेतले क्षार साचलेल्या थरात उतरतात आणि तो थर दगडासारखा कडक होतो, ज्याला आपण किटण म्हणतो. आरशासमोर तोंड उघडून खालच्या पटाशीच्या दातांची आतली बाजू बघा. पिवळट-तपकिरी खरखरीत पट्टी दिसली तर ते किटण आहे. ते ब्रशने निघत नाही, मिठाने नाही, लिंबाने तर मुळीच नाही. लिंबाने किटणाच्या आधी दाताचंच वरचं आवरण झिजतं. म्हणून सुरुवात दवाखान्यात एकदा दात साफ करून घेण्यापासून करा. किटण तिथेच ठेवून सवयी लावणं म्हणजे खरकटं न काढता भांड्यावरून नुसतं पाणी सोडणं.

इथे बहुतेक जणी विचारतात, साफ केल्यावर दात ढिले होतात ना? समजून घ्या. किटणाने दोन दातांमधली जागा लिंपून टाकलेली असते, खाली हिरडी सुजून वर आलेली असते आणि आतलं हाड थोडं खाली गेलेलं असतं. किटण निघालं, सूज उतरली की ती मोकळी जागा जिभेला जाणवते, काही दिवस गार पाणीही लागतं. दात आधीच जितका हलत होता तितकाच हलतो, आता फक्त कळतो. या एका गैरसमजापायी चांगले दात गेलेले मी इतके बघितले आहेत की दर वेळी नव्याने वाईट वाटतं. माणूस दहा वर्षं "दात ढिले होतील" म्हणून टाळतो आणि दहा वर्षांनी दात हातात घेऊन येतो.

खर्चाची काळजी असेल तर तुमच्या रोजच्या रस्त्यावरच सोय आहे. मुंबईचं शासकीय दंत महाविद्यालय सीएसएमटी स्थानकापासून पायी जाण्याच्या अंतरावर आहे, मुंबई सेंट्रलला नायरचं दंत महाविद्यालय आहे. नवी मुंबईकरांना नेरूळची दंत महाविद्यालयं जवळ पडतात. तिथे शिकणारी मुलं शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात, वेळ जरा जास्त लागतो, पण घाई नसते. मीही अशाच खुर्च्यांवर शिकले.

जिथे जाल तिथे एक गोष्ट मागून घ्या. हिरडीची खोली मोजायला सांगा. हिरडी आणि दात यांच्यामध्ये एक बारीक फट असते, तिला आम्ही खिसा म्हणतो. निरोगी तोंडात ती एक ते तीन मिलिमीटर खोल असते. बारीक खुणा असलेल्या सळईने ती मोजतात, दोन-चार मिनिटांचं काम आहे. चार किंवा त्याहून जास्त आकडे यायला लागले तर आजार हिरडीतून खाली हाडाकडे सरकतोय का, ते तपासावं लागतं. हिरडीची सूज पूर्ण बरी होते. गेलेलं हाड मात्र आपणहून परत येत नाही, आहे तेवढं सांभाळावं लागतं. हा आजार सहसा दुखत नाही, म्हणून तर तो वाढतो. ठणका लागला की माणूस त्याच दिवशी येतो, रक्ताला मात्र सहा महिने थांबतो.

आणखी दोन गोष्टी इथेच विचारून टाकते. रक्तातली साखर शेवटची कधी तपासली? मधुमेहात हिरड्या लवकर सुजतात आणि हिरड्यांच्या सुजेने साखर आटोक्यात ठेवणं अवघड होतं, असा दोन्ही बाजूंनी संबंध आहे. चाळिशीच्या पुढे एकदा तपासून घ्या. आणि रक्तदाबासाठी अॅम्लोडिपिन चालू असेल तर दातांच्या डॉक्टरांना सांगा, त्या गोळीने काहींच्या हिरड्या वाढतात. गोळी मनाने बंद करू नका. ब्रश न लावता आपोआप रक्त येत असेल, अंगावर काळे-निळे डाग उठत असतील, ताप असेल, तर मात्र तो दातांचा विषय राहत नाही, त्याच दिवशी फॅमिली डॉक्टरकडे जा.

आता सवयीचं. तुम्ही दोनदा सुरुवात केलीत आणि दोनदा सोडलीत. तुम्ही आळशी आहात असं मला अजिबात वाटत नाही. पहाटे उठून डबे करणारी, लोकलच्या गर्दीतून ऑफिस गाठणारी बाई आळशी नसते. चुकली ती वेळ. "झोपण्यापूर्वी दात घासा" असं आम्ही डॉक्टर मंडळी वर्षानुवर्षं सांगत आलो, मीही सांगायचे. पण झोपण्यापूर्वीची वेळ म्हणजे दिवसभरातली सगळ्यात थकलेली वेळ. मुलीशेजारी पाच मिनिटं आडवं व्हायचं म्हणून अंग टाकलं की सकाळच उजाडते. तेव्हा उठून बेसिनपर्यंत जायला जी ताकद लागते ती कोणाकडेच उरलेली नसते.

हे मला एका रिक्षावाल्या दादांनी शिकवलं. स्टेशनबाहेर रात्री उशिरापर्यंत रिक्षा चालवायचे, घरी पोचायला बारा-साडेबारा. हिरड्यांची हालत वाईट होती. मी तीन वेळा सांगितलं, रात्री घासा. तिन्ही वेळा मान डोलावली आणि केलं नाही. चौथ्यांदा मी विचारलं, "जेवता कुठे?" म्हणाले, "नऊ वाजता, डबा असतो, रिक्षातच." मग ब्रश आणि पेस्ट डब्याच्या पिशवीत गेली. डबा धुवायला ते नळावर जायचेच, तिथेच दात घासायला लागले. नंतर फक्त पाणी प्यायचं एवढं ठरलं. तीन महिन्यांनी आले तेव्हा हिरड्यांचा रंग बदललेला होता. मी त्यांना नवीन काहीच दिलं नव्हतं, ब्रश फक्त झोपेपासून सोडवून डब्याला बांधला होता.

तुमच्या दिवसात तो डबा कोणता? माझ्या मते ओटा. रात्रीचं जेवण झालं, भांडी घासली किंवा सिंकमध्ये ठेवली, गॅस पुसला, ओटा पुसला, फडकं पिळून वाळत टाकलं. हे तुम्ही थकून गेलात तरी करता, कारण त्याशिवाय दिवस संपल्यासारखा वाटतच नाही. त्या फडक्याच्या शेजारी, स्वयंपाकघरातच, एका पेल्यात ब्रश आणि पेस्ट ठेवा. बाथरूममध्ये नको. फडकं वाळत टाकलं की हात आपोआप पेल्याकडे जायला हवा. त्या वेळी तुम्ही उभ्या असता, हात ओले असतात, नळ समोर असतो. त्यानंतर बडीशेप नाही, दूध नाही, डब्यातला उरलेला चिवडा नाही, फक्त पाणी. याचा एक फायदा असाही होतो की रात्री साडेदहाचं उगाचचं चरणं बंद होतं, कारण दात परत घासायचा कंटाळा येतो.

रात्रीचाच आग्रह का, तेही सांगते. झोपेत लाळ फार कमी होते. दिवसभर लाळ दात धुते, आम्लाचा जोर कमी करते, दाताच्या आवरणाला क्षार परत देते. ती राखणदार रात्री नसते. तोंडात पोळी-भाताचा अंश आणि जिवाणू असे सहा-सात तास एकत्र राहिले तर कीड आणि सूज दोन्हींना मोकळं रान. सकाळचा ब्रश सोडा असं मी म्हणत नाही. पण एखाद्या दिवशी एकच शक्य असेल तर रात्रीचा ठेवा.

पहिले दोन आठवडे बाकी काही बदलू नका. फ्लॉस (दातांच्या फटीत फिरवायचा बारीक दोरा) नाही, महागडा ब्रश नाही, नवीन माउथवॉश नाही. ओटा आणि ब्रश, एवढंच. पाहुणे आले, रात्री उशीर झाला, एक दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी ओट्यापाशी पुन्हा सुरू. एक दिवस चुकल्याने हिरडीचं काही बिघडत नाही. "आता मोडलंच" म्हणून सोडून देण्याने बिघडतं.

घासायचं कसं, इथे मी थोडा वेळ घेणार आहे, कारण दिवसातून दोनदा दात घासूनही हिरड्या सुजलेल्या माणसांनी माझी खुर्ची भरलेली असते. ब्रश मऊ घ्या, वेष्टनावर सॉफ्ट लिहिलेलं असतं. त्याचं डोकं लहान असू द्या. कडक ब्रशने जोरात आडवं घासलं की हिरडी खाली सरकते आणि दाताच्या मानेपाशी खाच पडते. उजव्या हाताने घासणाऱ्यांची ती खाच बहुतेक वेळा डाव्या बाजूला, सुळ्यापाशी असते, कारण तिथे हाताचा जोर सगळ्यात जास्त लागतो. ब्रशचे केस दात आणि हिरडी जिथे भेटतात त्या रेषेवर तिरके टेकवा, अर्धे दातावर, अर्धे हिरडीच्या कडेवर. तिथल्या तिथे थरथरवल्यासारखं हलवा, दहापर्यंत मोजा, मग दाताच्या टोकाकडे ओढून घ्या. पुढच्या दोन दातांवर सरका. ब्रश पेनसारखा बोटांत धरा, मुठीत धरला की जोर लागतो. खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला ब्रश उभा धरावा लागतो, आडवा तिथे मावतच नाही. तुमचा रक्ताचा भाग तोच आहे, म्हणून पहिले काही दिवस सुरुवातच तिथून करा. आपण सगळे हसताना दिसणाऱ्या दातांपासून सुरू करतो आणि जिभेकडच्या बाजूला पोचेपर्यंत मन उडालेलं असतं.

दोन मिनिटं म्हणजे किती, याचा अंदाज घड्याळ लावल्याशिवाय येत नाही. एकदा लावून बघा. बहुतेकांना आपण दोन मिनिटं घासतो असं वाटत असतं आणि घड्याळात पाऊण मिनिट भरतं. ब्रश तीन महिन्यांनी बदला, केस विस्कटले तर त्याआधीच. इलेक्ट्रिक ब्रश चांगले असतात, परवडत असेल आणि हातात त्रास असेल तर जरूर घ्या, पण हाताने नीट घासणाऱ्याला त्याची गरज नाही.

दोन आठवडे ओट्याची सवय टिकली की मग दातांच्या फटींकडे वळा. ब्रश तिथे पोचत नाही आणि हिरड्यांचा आजार बहुतेकदा तिथूनच सुरू होतो. फटी घट्ट असतील तर फ्लॉस, मोकळ्या असतील तर फटीत जाणारा बारीक ब्रश. औषधांच्या दुकानात तो वेगवेगळ्या मापांत मिळतो, माप डॉक्टरांकडून ठरवून घ्या. रोज सगळ्या फटी जमत नसतील तर रक्त येणाऱ्या चार घ्या. सेफ्टी पिन, आगकाडी, केसांची पिन मात्र कधीच नको. डबा खाल्ल्यावर मंगळसूत्रात अडकवलेल्या पिनेने दात कोरणाऱ्या किती तरी जणी लोकलमध्ये दिसतात. हिरडीला टोचलेली ती पिन दुसऱ्या दिवशी गळू घेऊन येते.

पेस्ट फ्लोराइडची, म्हणजे दाताचं आवरण पक्कं करणाऱ्या क्षाराची, घ्या. रंग, लवंग, कोळसा, मीठ यांपेक्षा वेष्टनावरचा फ्लोराइडचा आकडा वाचा. भारतात टूथपेस्टमध्ये १००० पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत हजार भाग) फ्लोराइडला परवानगी आहे, त्याच्या जवळपासचा आकडा असलेली पेस्ट चांगली. मोठ्यांना वाटाण्याएवढी पुरते, जाहिरातीतली ब्रशभर पेस्ट नुसता फेस करते. घासून झालं की थुंका आणि खळखळून चूळ भरू नका. हे मराठी माणसाला फार जड जातं, मला ठाऊक आहे. जेवणानंतर चूळ भरायची आपली रीत खूप चांगली आहे, ती अजिबात सोडू नका, डबा खाल्ल्यावर ऑफिसातही भरा. पण रात्रीच्या ब्रशनंतर भरलेली चूळ दातांवर राहायला हवं ते फ्लोराइड धुऊन नेते. फारच राहवलं नाही तर घोटभर पाण्याने ओठ आणि जीभ ओली करा, बस.

सासूबाईंचं मीठ म्हणाल, तर कोमट पाण्यात चिमूटभर मीठ घालून गुळण्या केल्या तर सुजेला बरं वाटतं, त्या खुशाल करा. कोरडं मीठ बोटाने चोळलं की त्याचे खडे आवरण घासतात आणि बोट हिरडीच्या कडेखाली पोचत नाही. राखुंडी आणि खरखरीत दंतमंजनाचंही तेच.

आता मुलीची दाढ. सात वर्षांच्या मुलीच्या अगदी मागच्या दाढेवर ठिपका असेल, तर ती दुधाची नसण्याचीच शक्यता जास्त आहे. सहाव्या वर्षाच्या आसपास दुधाच्या दाढांच्या मागे पहिली कायमची दाढ येते. ती येताना कोणताही दात पडत नाही, त्यामुळे घरात कोणाला पत्ताच लागत नाही, आणि "पडणारच आहे" म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष होतं. ही दाढ आयुष्यभराची आहे. तिच्यावरच्या खाचा खोल असतात, नुकती आलेली असते तेव्हा आवरणही पुरतं पक्कं झालेलं नसतं. ठिपका नुसता डाग आहे की कीड, हे बघितल्याशिवाय सांगता येत नाही, म्हणून महिनाभराच्या आत दाखवा. चांगल्या असलेल्या दाढांच्या खाचा सीलंटने, म्हणजे एका पातळ लेपाने, बुजवता येतात, दुखत नाही, ड्रिल लागत नाही. आणि रात्रीचा तिचा ब्रश अजून तुम्हीच फिरवा. मुलांचा हात सात-आठ वर्षांपर्यंत नीट वळत नाही. आधी तिला घासू द्या, मग मागच्या दाढा तुम्ही घासा. ओट्यापाशी तिचा पेला तुमच्या शेजारी ठेवलात तर तिला वेगळं शिकवावं लागणार नाही.

खाण्याबद्दल एकच सांगते. गोड किती खाल्लं यापेक्षा किती वेळा तोंडात गेलं हे दाताला जास्त महत्त्वाचं. साखर तोंडात गेली की काही मिनिटांत आम्ल तयार होतं आणि दात पूर्ववत सुरक्षित व्हायला साधारण अर्धा तास किंवा जास्त लागतो. जेवणात पुरणपोळी खाल्ली, गणपतीत चार मोदक खाल्ले, तो एक हल्ला. पण घरचा चहा, स्टेशनवरचा चहा, अकराचा चहा-बिस्किट, चारचा चहा आणि परतीच्या लोकलमध्ये घशासाठी चघळलेली गोळी, हे पाच झाले. चहा सोडा असं मी सांगणार नाही. बिस्किट आणि गोळी सोडून बघा, चहा दहा मिनिटांत संपवा, टेबलावर ठेवून तासभर घोट घेत बसू नका, आणि नंतर घोटभर पाणी. लिंबू सरबत, कोकम किंवा सोडा प्यायलात तर लगेच दात घासू नका. आवरण तेवढ्यापुरतं मऊ झालेलं असतं, अर्धा तास जाऊ द्या.

सासूबाईंचा विषय शेवटी ठेवला, कारण तुमच्या पत्रातली मला सगळ्यात जास्त काळजी त्यांची वाटते. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखू. टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला १९९२ सालीच केंद्र सरकारने बंदी घातली, पण घरी तव्यावर भाजलेली मिश्री दात घासायची वस्तू म्हणून अजून घराघरांत आहे. त्या पिढीतल्या बायकांनी ती व्यसन म्हणून लावलेलीच नसते. दात दुखले म्हणून आईने किंवा जावेने लहानपणी दिली आणि मग दिवसातून तीन-चार वेळा लागायला लागली. त्यामुळे "व्यसन सोडा" म्हटलं की त्या दुखावतात, आणि त्यांचं बरोबर असतं. माझ्याकडे येणाऱ्या अशा आज्यांना मी आधी विचारते, कधीपासून लावता, कोणी दिली. त्या सांगतात. मग मी आरसा देते.

तंबाखूने हिरडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून त्यांच्या हिरडीतून रक्त कदाचित कमी येत असेल. "बघ, माझ्या कुठे रक्त येतं" असं त्या तुम्हाला म्हणत असतील तर त्याचं कारण हेही असू शकतं. आत हाड झिजत असतं, वर खूण दिसत नाही. पण मला हिरडीपेक्षा गालाची आतली बाजू आणि खालच्या ओठाचा आतला भाग बघायचा आहे, जिथे मिश्री ठेवली जाते. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरलेला फोड, तिखट लागलं की आग होणं, तोंड तीन बोटं मावतील इतकं न उघडणं, यातलं काहीही असेल तर थांबायचं नाही. सुपारी खात असतील तर तेही डॉक्टरांना सांगा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सुपारीला, तंबाखू नसला तरीही, कर्करोग करणाऱ्या पदार्थांत धरलं आहे. मिश्री सोडायला मदत लागली तर १८००-११-२३५६ हा सरकारी मोफत क्रमांक आहे, तिथे बोलता येतं.

त्यांना "तुमचं तोंड तपासायला जाऊ" म्हणू नका, येणार नाहीत. तुमची साफसफाईची वेळ शनिवारची घ्या, मुलीची दाढ त्याच दिवशी दाखवा आणि नातीला धरून बसायला आजी हवी म्हणून त्यांना सोबत न्या. डॉक्टरांना आधी फोन करून सांगून ठेवा. मुलीचं झालं की ते म्हणतील, आजी, आलाच आहात तर तुम्हीही बसा जरा. माझ्याकडे निम्म्या आज्या अशाच खुर्चीवर बसल्या आहेत.